सलाम, रामराम आणि ओळखीचे हसू

मराठीत 'हसू' आणि 'हसे' या दोन शब्दांत अंतर एका स्वराचे आहे. हसू येते, फुटते, ओठांवर उमटते. हसे मात्र होते, आणि तेही चारचौघांत. हसण्याचे बाकीचे शब्दही असेच दोन गोटांत विभागले आहेत. गालातल्या गालात हसणे, खुदकन हसणे, मनमुराद हसणे हे एका बाजूला. फिदीफिदी हसणे, खिदळणे, दात काढणे, दात विचकणे, छद्मी आणि कुत्सित हसणे दुसऱ्या बाजूला, आणि भरती दुसऱ्या गोटात अधिक आहे. 'हसतील त्यांचे दात दिसतील' ही म्हण तर हसणाऱ्यालाच उघडे पाडते. अशी भाषा बोलणाऱ्या मुलखात परक्या माणसाला पाहून हसणे ही स्नेहाची पहिली खूण ठरली नाही. स्नेह दाखवायचा तो शब्दाने, हाताने, पाण्याच्या तांब्याने. हसू पुढे येते, ओळख झाल्यावर. अभिवादनाच्या या रीती कशा घडल्या आणि एकमेकींत कशा मिसळल्या, हे पाहायला खुलताबादसारखे दुसरे गाव मराठवाड्यात क्वचितच सापडेल. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे 25 किलोमीटरवरच्या या डोंगरमाथ्यावर गेल्या सातशे वर्षांत दिल्ली, शिराझ, आग्रा, हैदराबाद आणि पैठण यांच्या चालीरीती येऊन थांबल्या. पायथ्याला वेरूळची लेणी आहेत, म्हणजे गोष्ट त्याहूनही जुनी आहे.

सातव्या शतकात, 641 च्या सुमारास, चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग या प्रदेशातून गेला. त्याने महाराष्ट्रातील लोकांविषयी जे लिहून ठेवले त्यात हसतमुखपणाचा उल्लेख नाही. लोक साधे व प्रामाणिक, पण करारी व मानी. उपकार करणाऱ्याचे ऋण मानणारे, अपमान करणाऱ्याचा सूड घेणारे. आणि अडचणीत सापडलेल्या कोणी मदत मागितली तर स्वतःला विसरून धावून जाणारे, असे त्याचे निरीक्षण आहे. प्रवाशाच्या एका परिच्छेदावरून साऱ्या समाजाचा स्वभाव ठरवणे धोक्याचे असते, आणि त्या परिच्छेदाचा हवाला मराठी लेखकांनी अभिमानापोटी जरा जास्तच वेळा दिला आहे. तरी त्यातली एक गोष्ट या विषयाच्या दृष्टीने कामाची आहे. परक्या माणसाला चांगुलपणाची ओळख पटली ती चेहऱ्यावरून नव्हे, मदतीवरून.

त्या काळच्या शिष्ट समाजाला हसण्याचे शास्त्रही ठाऊक होते. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार दिले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे, मधले दोन मध्यमांचे आणि शेवटचे दोन अधमांचे. स्मितात गाल किंचित फुलतात, दात दिसत नाहीत. अतिहसितात डोळ्यांत पाणी येते, आवाज चढतो. मोठ्या माणसाने किती हसावे याचे हे मोजमाप रंगभूमीसाठी असले तरी ते समाजातूनच उचललेले होते. वेरूळच्या कैलास लेण्यात रावण पर्वत हलवतो आहे, पार्वती घाबरून शिवाला बिलगली आहे आणि शिव मात्र शांत आहे, असे शिल्प आहे. त्या शांत मुद्रेत जे काही हसू असेल ते स्मिताच्या पलीकडे गेलेले नाही.

पुढे समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खलक्षणांची यादी केली, तेव्हा कारण नसताना हसणाऱ्यालाही तीत जागा दिली. विशेष म्हणजे रशियन भाषेतही नेमकी याच अर्थाची म्हण आहे: विनाकारण हसणे ही मूर्खाची खूण. रशियात अनोळखी माणसाकडे पाहून हसत नाहीत. मॉस्कोत 1990 मध्ये मॅकडोनाल्ड्स उघडले तेव्हा विक्रेत्यांना गिऱ्हाइकाकडे पाहून हसायला मुद्दाम शिकवावे लागले होते. युरोपातही दात दाखवून हसणे फार जुने नाही. मादाम व्हिजे ल ब्रँ या चित्रकर्तीने 1787 मध्ये पॅरिसमध्ये स्वतःचे चित्र मांडले, त्यात ओठ किंचित विलग होऊन दात दिसत होते. तेवढ्यावरून तिथल्या रसिकांत कुजबुज झाली. 44 संस्कृतींतील लोकांना चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून केलेला एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. काही समाजांत हसणारा चेहरा अधिक बुद्धिमान वाटला, काहींत कमी. आणि जिथे भ्रष्टाचार जास्त तिथे हसण्यावरचा विश्वास कमी, असे त्यात आढळले. दुसऱ्या एका अभ्यासाने 2015 मध्ये असे दाखवले की ज्या देशांत गेल्या पाचशे वर्षांत अनेक ठिकाणचे लोक येऊन राहिले, तिथे भावना चेहऱ्यावर अधिक मोकळेपणाने दाखवल्या जातात. एकमेकांची भाषा न कळणाऱ्यांना चेहऱ्याचाच आधार असतो. खुलताबादलाही बाहेरून माणसे आली, आणि पुष्कळ आली. पण इथे तो आधार चेहऱ्याऐवजी हातांनी आणि शब्दांनी दिला.

चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांच्या परंपरेतले सूफी देवगिरीच्या परिसरात येऊ लागले. जर जरी जर बक्ष या नावाने ओळखले जाणारे मुंतजिबुद्दीन 1309 मध्ये इथेच वारले. 1327 मध्ये महंमद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद करून राजधानीचा मान दिला आणि दिल्लीचे उमराव, विद्वान, कवी, सूफी यांना दक्षिणेची वाट धरायला लावली. त्यांतच मुंतजिबुद्दीन यांचे बंधू बुऱ्हाणुद्दीन गरीब होते, आणि निजामुद्दीनांच्या संभाषणांची नोंद करणारे कवी अमीर हसन सिज्झीही. हसन यांनी 1308 ते 1322 या काळातल्या 188 बैठकी 'फवाइद-उल-फुआद' या ग्रंथात टिपल्या. त्यांची कबर खुलताबादेत आहे. माणसांनी एकमेकांशी कसे वागावे, सलाम कोणी आधी करावा, आलेल्याला कसे बसवावे, काय खाऊ घालावे, यांविषयी त्या काळी एवढे बारकाईने लिहिलेले साहित्य दुर्मीळ आहे.

त्या बैठकींत एक प्रश्न वारंवार डोके वर काढतो. लोक येतात आणि शेखांपुढे जमिनीला डोके टेकवतात. हे योग्य आहे काय? धर्मशास्त्राच्या जाणकारांना ते खटकत असे. निजामुद्दीनांचे उत्तर असे की आपल्या गुरूपुढेही लोक असेच करीत आणि त्यांनी मनाई केली नव्हती, म्हणून आपणही करीत नाही. साष्टांग नमस्कार ज्या देशात रुळलेला होता तिथे या उत्तराला व्यावहारिक किंमत होती. डोंगरावरच्या दर्ग्यांत आजही येणारा माणूस आपल्या घरच्या पद्धतीने वाकतो. कोणी उंबऱ्याला हात लावून कपाळी नेतो, कोणी दोन्ही हात जोडतो, कोणी दुआसाठी तळवे उघडे धरतो.

बुऱ्हाणुद्दीनांच्या भोवती जमलेल्या शिष्यांनीही गुरूची वचने लिहून ठेवली. काशानी घराण्यातल्या भावांनी ती वेगवेगळ्या ग्रंथांत जपली. हम्माद काशानी यांच्या 'अहसन-उल-अक्वाल' मध्ये वागण्याबोलण्याच्या शिस्तीलाच मुख्य स्थान आहे. 'अदब' हा त्या शिस्तीचा शब्द. त्यात बसणे, उठणे, खाणे, निरोप घेणे सगळे येते. ही शिस्त किती कडक होती ते बुऱ्हाणुद्दीनांच्याच आयुष्यातल्या एका प्रसंगावरून कळते. म्हातारपणी दिल्लीत असताना ते घोंगडीची घडी करून तिच्यावर बसत. कोणी तरी निजामुद्दीनांच्या कानी घातले की ते स्वतःच शेख होऊन गादीवर बसू लागले. त्यानंतर ते भेटीस गेले तेव्हा गुरू एक शब्दही बोलले नाहीत. मग सेवकाने त्यांना निघून जाण्यास सांगितले. बुऱ्हाणुद्दीन घरी शोक करीत बसले, लोक समाचाराला येऊ लागले. शेवटी अमीर खुसरो गुन्हेगारासारखी आपली पगडी गळ्यात गुंडाळून गुरूपुढे उभे राहिले, तेव्हा राग निवळला. अमीर खुर्द यांनी 'सियर-उल-औलिया' मध्ये ही हकिकत दिली आहे. स्नेह आणि नाराजी दोन्ही न बोलता, वस्त्राने आणि बैठकीने व्यक्त करणारा हा समाज होता.

पण याच अदबीच्या घरात दार उघडे होते. न मागता आलेली भेट, म्हणजे फुतूह, साठवून ठेवायची नाही, ती वाटून टाकायची. येईल त्याला जेवू घालायचे, तो कोण हे नंतर विचारायचे. निजामुद्दीनांच्या चिश्ती परंपरेतल्या खानकाहांचा, म्हणजे सूफी मठांचा, हा प्रघात डोंगरावर रुजला. बुऱ्हाणुद्दीन 1337 मध्ये वारले, त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराझी 1369 मध्ये. या दोघांच्या नावांनी तापीकाठी बुऱ्हाणपूर आणि जैनाबाद ही गावे वसली, इतका त्यांचा बोलबाला खानदेशच्या फारुकी सुलतानांपर्यंत होता. बुऱ्हाणुद्दीनांचे अनुयायी समा म्हणजे गायनाच्या बैठकीत ज्या तऱ्हेने नाचत तिला 'बुऱ्हाणी' म्हणत. अदबीने बांधलेल्या माणसाला मोकळे होण्याची परवानगी या बैठकीत होती. रडणे, डोलणे, मिठी मारणे सगळे तिथे चाले.

डोंगराखाली दौलताबादेत आनंदाची वेगळी पेठ होती. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1340 नंतरच्या काही वर्षांत तिथे आला होता. गवय्या स्त्री-पुरुषांच्या 'तरबाबाद' या बाजाराचे त्याने कौतुकाने वर्णन केले आहे: गालिचे अंथरलेली दुकाने, मधोमध झोपाळा, त्यावर नटूनथटून बसलेली गायिका आणि तिला झोका देणाऱ्या दासी. 'तरब' म्हणजे हर्ष. हसून स्वागत करणे हा जिथे व्यवसायाचा भाग होता अशी या परिसरातली ही एक जागा. हसऱ्या स्वागताचा आणि पैशाचा जो संबंध मराठी मनात संशय निर्माण करतो, त्याचे मूळ अशा बाजारांत शोधता येईल.

शब्दांचा प्रवासही याला साक्ष आहे. फारसीत 'खुश आमदीद' म्हणजे सुस्वागत. त्याच कुळातला 'खुशामत' मराठीत आला तो लाळघोटेपणाचा अर्थ घेऊन. 'शाबास' हा मुळात 'आनंदी राहा' असा आशीर्वाद. खुशाल, खुशाली, मेहेरबानी, मर्जी हे शब्द इतके मुरले की शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशानेही बोलण्यातली फारसी पुसली गेली नाही. उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. दखनी बोलीने मराठीचा 'नको' उचलला आणि त्याचा 'नक्को' केला. नकार देतानाही त्यात थोडा लाड उरतो. मराठीत मात्र गोड बोलण्याबद्दलची सावधगिरी कायम राहिली. गोडबोल्या, तोंडपुजा, तोंडदेखला, लाडीगोडी, गोड बोलून केसाने गळा कापणे, हे सगळे तिचेच अवशेष. गोड बोलण्याची जाहीर विनंती करायला वर्षातला एक दिवस राखून ठेवावा लागला, तो संक्रांतीचा. दसऱ्याला आपट्याची पाने देऊन भेटणे आणि ईदच्या नमाजानंतर गळाभेट घेणे ही त्याच जातीची योजना आहे. एरवी मनात असूनही जे दाखवता येत नाही ते दाखवायला सणाची सबब मिळते, आणि वर्षभर अबोला धरलेले भाऊबंदही त्या दिवशी एकमेकांच्या दारी जाऊ शकतात.

सोळाव्या शतकात देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी होते आणि पैठणहून आलेले एकनाथ (1533–1599) त्यांचे शिष्य. जनार्दनस्वामींचे गुरू म्हणून चांद बोधले यांचे नाव परंपरा सांगते. त्यांचे स्थान दौलताबादेतच आहे. दोन परंपरांतल्या माणसांचे रोजचे बोलणे एकनाथांनी जवळून ऐकले असले पाहिजे. त्यांच्या 'हिंदू-तुर्क संवाद' या भारुडात दोघे एकमेकांच्या देवधर्माची यथेच्छ टर उडवतात, शिव्यांपर्यंत मजल जाते, आणि अखेरीस समजूत पटून ते एकमेकांना वंदन करतात व मिठी मारतात. वाद मिटल्याची खूण इथेही मिठीच आहे. एकनाथांच्या अंगावर कोणी पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते न रागावता पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करून आले, ही कथा मराठी घराघरांत सांगितली जाते. चित्रकार त्यांचा चेहरा अशा वेळी प्रसन्न काढतात. ही प्रसन्नता समोरच्याशी सलगी करायला नसते. रागावर मिळवलेल्या ताब्याचे ते दर्शन असते.

मोगलांबरोबर दख्खनेत दरबारी अभिवादनाची पूर्ण कवायत आली. आइन-ए-अकबरीत तिचे वर्णन आहे. कुर्निसात म्हणजे उजव्या हाताचा तळवा कपाळाला लावून मान झुकवणे. तसलीम म्हणजे उजव्या हाताची मागची बाजू जमिनीला टेकवून हळूहळू उभे राहणे आणि मग तळवा डोक्यावर ठेवणे. मराठ्यांचा मुजरा याच घराण्यातला, तीनदा वाकून करायचा. अशा दरबारात हसण्याला काम नव्हते. बादशहाची कृपा मोजली जाई ती उभे राहण्याच्या जागेवरून, खिलतीवरून म्हणजे मानाच्या पोशाखावरून, आणि तो काही बोलला की नाही यावरून. 12 मे 1666 रोजी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांनी नजर पेश केली. औरंगजेब त्यांच्याशी बोलला नाही, खिलत दिली नाही, आणि त्यांना मागच्या रांगेत उभे करण्यात आले. तिथे जे घडले ते सारे एका न उच्चारलेल्या शब्दापासून सुरू झाले.

त्याच औरंगजेबाने 1670 च्या सुमारास दरबारी मुसलमानांनी एकमेकांना भेटताना हात डोक्याला न लावता 'सलाम अलैकुम' एवढेच म्हणावे, असा हुकूम काढला. हात कपाळी नेण्याची पद्धत त्याला हिंदूंची वाटत होती. हुकूम दिल्लीत किती पाळला गेला हा वेगळा विषय. दख्खनेत हात आणि शब्द दोन्ही टिकले. खुलताबादच्या रस्त्यावर आजही ओठांवर सलाम आणि हात कपाळाशी असे एकदमच होते. ज्याने हे बंद करायचे ठरवले त्याची कबर त्याच गावात जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, उघड्या आकाशाखाली. अहमदनगरजवळ भिंगारला 3 मार्च 1707 रोजी त्याचा मृत्यू झाला. टोप्या शिवून मिळालेल्या चार रुपये दोन आण्यांत कफन करावे आणि कुराणाच्या प्रती करून मिळालेले 305 रुपये फकिरांना वाटावेत, असे तो सांगून गेला होता. मृत्यूनंतर त्याला 'खुल्द-मकान', म्हणजे स्वर्गवासी, म्हणू लागले, त्यावरून रौझा नावाच्या या गावाचे खुल्दाबाद आणि लोकांच्या तोंडी खुलताबाद झाले.

या बादशहाच्या हसण्याची एक विश्वसनीय नोंद मात्र आहे. इटालियन प्रवासी जेमेली करेरी 21 मार्च 1695 रोजी कृष्णाकाठच्या गलगलीच्या छावणीत औरंगजेबाला भेटला. बादशहा तेव्हा 76 वर्षांचा होता: ठेंगणा, नाक मोठे, अंगाने सडपातळ, वयाने वाकलेला, पांढरी दाढी, अंगात पांढरी मलमल. तो चष्म्याशिवाय अर्ज वाचत होता, त्यांवर स्वतःच्या हाताने शेरे लिहीत होता, आणि चेहऱ्यावर प्रसन्न हसू होते. या कामात त्याला आनंद वाटत असावा, असे करेरीला वाटले. दरबारी लेखकांनी हे हसू टिपले नसते, कारण त्यांच्या लेखी त्याला काही अर्थ नव्हता. युरोपातून आलेल्या माणसाला ते दिसले, कारण तो चेहरे वाचण्याच्या सवयीने आला होता. मोगल चित्रांतले चेहरे तर बहुधा एका बाजूने काढलेले आणि निर्विकार असतात.

राजांचे राहो, सामान्य माणसाचे अभिवादन जातीने आणि वयाने ठरलेले होते. पत्राचा मायना हा त्याचा आरसा. खुलताबादपासून जवळच असलेल्या कागजीपुऱ्यात तुघलकांच्या काळापासून हातकागद होत आला. हातकागदावर लिहिल्या जाणाऱ्या मराठी पत्रांत पहिली ओळ मजकुरापेक्षा महत्त्वाची असे. वडिलांना 'तीर्थरूप' आणि साष्टांग नमस्कार, धाकट्याला 'चिरंजीव' आणि आशीर्वाद, बरोबरीच्या प्रतिष्ठिताला 'राजमान्य राजश्री'. फारसी पत्रव्यवहारात याच कामाला 'अल्काब-ओ-आदाब' म्हणत. मायना चुकला तर पत्रातली सगळी आपुलकी वाया जाई. तोंडी अभिवादनातही पंथ ओळखू येई: महानुभावांचा 'दंडवत प्रणाम', वारकऱ्यांचे 'रामकृष्णहरी' आणि एकमेकांच्या पायांवर डोके ठेवणे, कुणबी घरांतला 'रामराम'. वारकऱ्यांनी पाया पडण्याची क्रिया दोन्ही बाजूंनी सारखी केली, ही लहान गोष्ट नव्हे.

कारण बाकी ठिकाणी ती सारखी नव्हती. महारांनी 'जोहार' करावा आणि समोरच्याने तो स्वीकारावा, उलट जोहार करू नये, अशी रीत होती. संत चोखामेळ्यांच्या आणि एकनाथांच्या रचनांत जोहार येतो तो याच रोजच्या व्यवहारातून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत हा शब्द टाकून देण्याचा आग्रह धरला गेला, आणि 1930 च्या दशकात कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांच्या पुढाकाराने 'जय भीम' रूढ झाला. तो दोन्ही बाजूंनी सारखाच म्हटला जातो. उत्तरही 'जय भीम' असेच. मराठवाड्यात या अभिवादनाला आणखी एक संदर्भ आहे. 1934 मध्ये आंबेडकर आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळच्या वाटेवर दौलताबादला थांबले. रमजानचा महिना होता. किल्ल्याबाहेरच्या हौदावर त्यांनी प्रवासाची धूळ धुतली, तेव्हा पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध मुसलमान हौद बाटवल्याचा ओरडा करीत आला. जमाव जमला, आणि कुठे पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत शिपाई देऊन, त्यांना किल्ल्यात जाऊ दिले. आंबेडकरांनी ही हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे. आदरातिथ्यासाठी नावाजलेल्या या डोंगररांगेच्या पायथ्याशी ती घडली. 1950 मध्ये जवळच्याच छत्रपती संभाजीनगर शहरात त्यांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले, आणि पुढच्या पिढीच्या तोंडी 'जय भीम' रोजचा झाला.

खुलताबाद 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. कचेरीची भाषा उर्दू, आणि कचेरीत शिरताना 'आदाब अर्ज'. मराठी घरातला कारकून कचेरीत आदाब, रस्त्यात सलाम आणि वाड्यात शिरताना नमस्कार अशी तीन रूपे दिवसभरात सहज बदलत असे. निजामासाठी वेरूळची छायाचित्रे काढणाऱ्या राजा दीनदयाळांच्या काळातल्या समूहचित्रांत दरबारी, शिपाई, भालदार सगळे ताठ आणि गंभीर दिसतात. लांबलेल्या एक्स्पोजरमुळे हसू धरून ठेवणे अवघड होते हे कारण सांगितले जाते, पण ते पुरेसे नाही. चित्र कायमचे राहणार असल्याने त्यात माणसाने आपल्या पदाला शोभेल असे दिसावे, ही अपेक्षा अधिक बलवान होती. बायकांना तर हसू पदराआडच करावे लागे. हळदीकुंकू, पाणवठा आणि जात्यावरची पहाट या त्यांच्या मोकळ्या हसण्याच्या जागा होत्या, आणि तिथे पुरुष नसत.

परक्या माणसाला सामावून घेण्याची इथली रीत प्रश्नातून चालते. 'कुठचे?', 'कोणाकडे आलात?', 'जेवण झालं का?' हे तीन प्रश्न पाठोपाठ येतात. बाहेरच्या माणसाला त्यांत चौकशीखोरपणा दिसतो. विचारणाऱ्याच्या दृष्टीने ही विचारपूस असते, आणि तिच्या शेवटी पाणी किंवा चहा पुढे येतो. गावकऱ्यांना आपसांत 'कुठं निघाला?' या प्रश्नाचे खरे उत्तर लागत नाही, 'इथंच' पुरते. ओळख पटली की मग हसू येते, आणि नात्याचे नावही लगेच चिकटते: काका, मावशी, भाऊ, चाचा, आपा. उरुसाच्या दिवसांत आणि श्रावणात हा व्यवहार मोठ्या प्रमाणावर दिसतो. श्रावणातल्या शुक्रवारी रात्री संभाजीनगरहून हजारो माणसे पायी निघतात आणि दौलताबादचा घाट चढून पहाटे भद्रा मारुतीच्या दर्शनाला पोचतात. मारुतीची इथली मूर्ती निद्रिस्त आहे. वाटेवर ठिकठिकाणी चहा, पाणी, फराळ वाटणारे उभे असतात. घेणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही. रबिलावलच्या महिन्यात जर जरी जर बक्ष यांचा उरूस भरतो, तेव्हा हेच रस्ते दुसऱ्या गर्दीने भरतात.

हसून स्वागत करण्याची नवी रीत आली ती वेरूळहून. लेण्यांना 1983 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, परदेशी पर्यटक वाढले, आणि मूर्ती, माळा, स्फटिक, नकाशे विकणाऱ्यांनी लांबूनच हात हलवून हसायला आणि दोन-चार भाषांतले नमस्कार म्हणायला शिकून घेतले. त्यांना ते कोणी शिकवले नाही. जपानी माणूस वाकतो, अमेरिकन हसतो, फ्रेंच 'बाँझूर' ऐकल्याशिवाय थांबत नाही, हे त्यांनी गिऱ्हाइकांकडून उचलले. मोबाइलमध्ये कॅमेरा आल्यावर फोटोसाठी हसणे सगळ्यांनाच आले. औरंगजेबाच्या कबरीजवळ, मारुतीच्या देवळाबाहेर, कैलास लेण्यापुढे लोक दात दाखवून उभे राहतात. फोटो काढून झाला की चेहरा पुन्हा पूर्ववत होतो. संध्याकाळी माळा विकणारा आपली पेटी बांधून गावाकडे वळतो, तेव्हा वाटेत भेटणाऱ्याला तो नुसती मान हलवून म्हणतो, 'काय, आज लवकर?' आणि पुढचा म्हणतो, 'हौ, चला चहा घेऊ.'